भिंतीआतले आणि भिंतीबाहेरचे : बर्गंडीच्या द्राक्षभूमीत चार दिवस

आपल्या जुन्या घराण्यांतील अनेकांची मुले-नातवंडे आता युरोपात स्थिरावली आहेत, आणि त्यांच्याकडे महिना-दीड महिना राहून येणारे आजी-आजोबा हे आपल्या समाजातील नित्याचे चित्र झाले आहे. पॅरिस पाहून होते, ल्यूव्रचे दालन पायांखालून जाते, आणि मुलांच्या रजेचे चार दिवस हाती उरतात. अशा वेळी ‘फ्रान्सच्या द्राक्षप्रदेशात जाऊन येऊ या’ असा प्रस्ताव निघाला, की वडीलधारी मंडळी किंचित बिचकतात. ज्या घरात मद्याचा पेला कधी आला नाही, त्या घरच्या माणसांनी वाइनच्या गावी जाऊन करायचे काय, असा प्रश्न त्यांच्या मनात असतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासाच्या अंगाने द्यावे, आणि चार दिवसांचा आराखडाही त्याच अंगाने आखून दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथमच एक गोष्ट सांगून टाकतो. फ्रान्सचा द्राक्षप्रदेश एक नाही. बोर्दो, शांपेन, आल्सास, ऱ्होनचे खोरे, ल्वारचे खोरे, बर्गंडी असे त्याचे अनेक खंड आहेत, आणि प्रत्येकाचा इतिहास स्वतंत्र आहे. चार दिवसांत त्यांपैकी तीन पाहू म्हणणाऱ्यास रेल्वेची स्थानके तेवढी दिसतील. आमचा कौल एकाच प्रदेशाला, किंबहुना त्या प्रदेशातील एकाच उताराला आहे. तो उतार म्हणजे बर्गंडीतील ‘कोट दॉर’. दिजों शहरापासून दक्षिणेला सॉंतने गावापर्यंत सुमारे पन्नास-साठ किलोमीटर लांबीची ही टेकड्यांची कड आहे. तोंड पूर्वेला, पाठीशी रान, पायथ्याशी मैदान. द्राक्षवेलींचा मोलाचा पट्टा काही ठिकाणी एक किलोमीटरही रुंद नाही. एवढ्या चिंचोळ्या जागेवर नऊशे वर्षांचे दस्तऐवज उभे आहेत, आणि जमिनीच्या वाटणीचा जो प्रश्न आपल्या प्रत्येक वाड्याने पाहिला, त्याच प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे तेथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

या भूमीत जाण्यापूर्वी एक शब्द समजून घ्यावा : ‘क्लिमा’. अन्यत्र या शब्दाचा अर्थ हवामान. बर्गंडीत मात्र त्याचा अर्थ नाव असलेला, सीमा ठरलेला जमिनीचा तुकडा. आपल्याकडे जशी शेताशेताला ‘आंबराई’, ‘चिंचमळा’, ‘देवाचे टेक’ अशी नावे असतात आणि थळझाड्यात त्यांची नोंद असते, तशीच ही नावे. अशा १२४७ क्लिमांचा २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात समावेश केला. वारसा म्हणून नोंदले गेले ते मुख्यतः शेताचे बांध, दगडी गडगे आणि नावे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जमीन मोजण्याचे जुने परिमाणही माणसाच्या अंगावरून आलेले आहे. एका माणसाने एका दिवसात कुदळीने जेवढी वेल मशागत करावी, ती एक ‘ऊव्रे’, म्हणजे सुमारे ४२८ चौरस मीटर. आठ ऊव्रे म्हणजे एक ‘जुर्नाल’. दशमान पद्धती येऊन दोन शतके उलटली, तरी तेथील शेतकरी आपापसांत अजून ऊव्रेचा हिशेब करतात.

या उताराच्या इतिहासाचा आरंभ रोमनांपासून सांगता येईल. पण त्याला आजचा आकार दिला तो मठांनी. १०९८ मध्ये मोलेमचा रोबेर नावाचा मठाधिपती काही सोबत्यांसह सोन नदीच्या मैदानातील दलदलीच्या रानात आला आणि त्याने सितो येथे मठ स्थापन केला. ऐश्वर्यसंपन्न झालेल्या क्ल्युनीच्या परंपरेहून अधिक कठोर जीवन जगावे, संत बेनेडिक्टच्या नियमानुसार हाताने श्रम करावेत, ही त्यांची प्रतिज्ञा होती. दलदलीत द्राक्ष पिकत नाही, आणि पूजाविधीला वाइन तर हवी. म्हणून मठाने पश्चिमेकडील उतारावर दानपत्रांनी व खरेदीने जमिनी मिळवण्यास आरंभ केला. बाराव्या शतकाच्या प्रारंभापासून वूजो येथे असे तुकड्याला तुकडा जोडत त्यांनी सुमारे पन्नास हेक्टरांचे सलग क्षेत्र केले आणि १३३६ पर्यंत त्याभोवती दगडी भिंत पुरी केली. हेच ‘क्लो द वूजो’. ‘क्लो’ म्हणजे भिंतीने वेढलेले शेत. साधूंनी माती जिभेवर ठेवून तिची परीक्षा केली अशी एक दंतकथा सांगितली जाते. ती सोडून दिली तरी हे खरे, की पिढ्यान् पिढ्या न बदलणारा, लिहिणारा आणि नोंदी ठेवणारा मालक या जमिनीला मिळाला. वैयक्तिक मालकाचे आयुष्य साठ-सत्तर वर्षांचे. मठाचे आयुष्य शतकांचे. कोणत्या बांधाखालचे फळ अधिक चांगले, हे कळण्यास तेवढा काळ लागतो.

मठांच्या जोडीला ड्यूक आले. १३६३ पासून १४७७ पर्यंत, व्हॅलवा घराण्यातील चार ड्यूकांच्या कारकीर्दीत, बर्गंडीचा पसारा फ्लॅंडर्सपर्यंत पोचला आणि दिजोंचा दरबार युरोपातील अत्यंत श्रीमंत दरबारांपैकी एक झाला. पहिला ड्यूक फिलिप याने १३९५ मध्ये एक हुकूम काढला. ‘गामे’ जातीची द्राक्षवेल भरपूर पिकते, पण तिची वाइन हलकी होते व आपल्या मुलुखाचे नाव जाते, सबब ती उपटून टाकावी आणि ‘पिनो’ राखावी, असा त्याचा आशय होता. ज्याच्याकडे मोठी जमीन आहे त्याला कमी पीक परवडते; ज्याच्याकडे तुकडा आहे त्याला परवडत नाही. गुणवत्तेचा तो हुकूम गरिबाच्या ताटातून काहीतरी काढून घेणारा होता, हेही आपण विसरू नये. गामे पुढे दक्षिणेकडे बोजोलेच्या टेकड्यांत रुजली आणि आज तेथे सन्मानाने नांदते आहे. कोट दॉरवर लाल वाइनला पिनो न्वार आणि पांढरीला शार्दोने, ही आजची रीत त्या दीर्घ निवडीचे फळ आहे.

याच ड्यूकांच्या काळातील एक वास्तू या प्रवासाचा मुख्य आधार ठरावी असे आम्हांस वाटते. बोन गावचे ‘ओतेल-दिय’, म्हणजे देवाचे घर, हे गरिबांसाठी बांधलेले रुग्णालय आहे. ड्यूक फिलिप ‘द गुड’ याचा चॅन्सेलर, म्हणजे आपल्या परिभाषेत कारभारी, निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गीगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये त्याची स्थापना केली. शंभर वर्षांच्या युद्धाने मुलूख उजाड झाला होता, मोकाट सुटलेल्या सैनिकांच्या टोळ्या फिरत होत्या, खेडी भुकेली होती. १ जानेवारी १४५२ रोजी पहिला रुग्ण दाखल झाला. पन्नास मीटर लांबीचे दालन, दोन्ही भिंतींशी लाकडी पलंगांची ओळ, वर जहाजाच्या पोटासारखे लाकडी छत, आणि टोकाला देवघर. म्हणजे अंथरुणावर पडल्यापडल्या रुग्णास प्रार्थनेचा लाभ व्हावा. त्या देवघरासाठी रोजिए व्हान देर वेडेन या चित्रकाराकडून ‘अंतिम न्याया’चे बहुपटचित्र करून घेतले होते, ते आज त्याच वास्तूत निराळ्या खोलीत जपलेले आहे. रोलँबद्दल फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या नावावर एक टोमणा सांगतात : ज्याने इतक्यांना भिकेला लावले, त्याने त्यांच्यासाठी एक रुग्णालय बांधावे हे योग्यच झाले. कारभाऱ्यांच्या दानधर्माविषयी असे बोलणारी माणसे आपल्याकडेही होती.

परंतु इमारत बांधणे सोपे, चालवणे कठीण. आपल्याकडे अन्नछत्राला गाव लावून देत, देवस्थानाला इनाम देत, तसे या रुग्णालयाला लोकांनी द्राक्षमळे दिले. पहिले दान १४५७ मधले. दात्यांची आणि त्यांच्या तुकड्यांची संख्या वाढत जाऊन आज संस्थेकडे सुमारे साठ हेक्टर द्राक्षभूमी आहे. १८५९ पासून त्या मळ्यांच्या वाइनचा जाहीर लिलाव होतो. आता तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी भरतो. वाइन पिंपानेच विकतात, आणि बर्गंडीचे पिंप २२८ लिटरांचे, म्हणजे सुमारे तीनशे बाटल्यांचे असते. लिलावातील पिंपे दात्यांच्या नावाने ओळखली जातात. जुन्या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्णांची शुश्रूषा होत होती. आज ती संग्रहालय आहे आणि रुग्णालय नव्या जागेत चालते. म्हणजे साडेपाच शतकांपूर्वी लावलेली देणगी अजून व्याज देते आहे. ‘आम्ही घेत नाही’ म्हणणाऱ्या आजोबांनीही हा हिशेब पाहण्यासारखा आहे.

आता वाटणीकडे वळू. १७८९ च्या नोव्हेंबरात क्रांतीच्या विधिमंडळाने चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली, आणि १७९१ मध्ये क्लो द वूजो लिलावाने विकले गेले. सितोच्या साधूंना मठ सोडावा लागला. पुढे १८०४ च्या नागरी संहितेने, जिला नेपोलियनची संहिता म्हणतात, वारसाहक्काचा कायदा एकसूत्री केला. ज्येष्ठ पुत्राचा विशेष अधिकार गेला. मुलगे आणि मुली यांना समान वाटा आला. न्यायाच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल होते. मुलीला बापाच्या जमिनीत भावाइतका हिस्सा देणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे २००५ मध्ये आला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. परंतु ज्या जमिनीचे मोल तिच्या सलगपणात होते, तिच्यावर या न्यायाची किंमत पडली. एका पिढीत तीन वाटे, दुसरीत नऊ, तिसरीत सत्तावीस. आज बर्गंडीतील एखाद्या शेतकऱ्याच्या मालकीचे वेलींचे दोन-चार तास एका गावात, तर पाच तास दुसऱ्या गावात असतात. बांध नव्हे, केवळ एक खुंटी किंवा दगड दोन मालकांची सीमा दाखवतो.

या वाटणीची दोन उदाहरणे दोन तासांच्या पायपिटीत पाहता येतात, आणि आमच्या मते हाच या प्रवासाचा गाभा आहे. पहिले वूजोचे. क्रांतीनंतरही ते बराच काळ एकाच मालकाकडे राहिले होते. १८१८ पासून ते ऊव्रार घराण्याकडे होते. १८८९ मध्ये वारसांनी ते विभागून विकले. आज त्या एका भिंतीच्या आत सुमारे ऐंशी मालक आहेत. भिंत तीच, दरवाजे तेच, बाटलीवरचे नाव तेच. पण वरच्या चढाचा तुकडा ज्याच्याकडे आहे त्याची वाइन आणि खाली रस्त्यालगतच्या ओलसर जमिनीचा तुकडा ज्याच्याकडे आहे त्याची वाइन यांत जाणते लोक मोठा फरक करतात. साधूंच्या काळी वरचे, मधले आणि खालचे फळ एकत्र करणारा हात एकच होता; आता प्रत्येकाच्या पदरी आपापला उतार आहे.

दुसरे उदाहरण वूजोच्या उत्तरेला, मोरे-सँ-दनी गावचे ‘क्लो द तार’. तार येथील सिस्टर्शियन जोगिणींच्या मठाने ते ११४१ मध्ये विकत घेतले. क्षेत्र सुमारे साडेसात हेक्टर. १७९१ मध्ये ते विकले गेले, १९३२ मध्ये पुन्हा, आणि २०१७ मध्ये पुन्हा एकदा. जवळजवळ नऊ शतकांत एकूण चार मालक आणि एकही वाटणी नाही. पण या अखंडतेची कथा निर्भेळ सुखाची नाही. शेवटचा खरेदीदार हा द्राक्षशेतकरी नसून चैनीच्या वस्तूंच्या उद्योगातून अपार धन मिळवलेला फ्रान्वा पिनो यांचा उद्योगसमूह आहे. २०१४ मध्ये लगतचे ‘क्लो दे लांब्रे’ही बेर्नार आर्नो यांच्या अशाच मोठ्या समूहाकडे गेले होते. जे दुभंगत नाही ते एखाद्या दिवशी अखंडच्या अखंड परक्या हाती जाते, आणि जे दुभंगते ते तुकड्या-तुकड्यांनी का होईना, घरच्यांच्या हाती राहू शकते. यांतले बरे कोणते? वाडा वाटला गेला म्हणून हळहळणाऱ्या आणि वाडा संपूर्णच विकला गेला म्हणून हळहळणाऱ्या अशा दोन्ही घराण्यांतील वाचक हे पृष्ठ वाचत असतील. उत्तर आम्ही सांगणार नाही. दोन्ही भिंती पाहून यावे, एवढेच सुचवतो.

तेथील लोकांनी मात्र या पेचातून काही वाटा काढल्या आहेत. १९७० च्या कायद्याने कुटुंबांना शेतजमिनीची सामायिक संस्था करता येते. वाटे पडतात ते समभागांचे, वेलींचे नाही. जमीन एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे असे अर्धेलीचे, आपल्या बटईसारखे, करारही तेथे चालतात. तरीही जमिनीचे भाव इतके चढले आहेत, की वारसाकर भरण्यापुरती रोकड नसल्याने कित्येक कुटुंबांपुढे विकण्याचा प्रश्न उभा राहतो. वेलींच्या रांगांत काम करणारा माणूस कागदावर कोट्यधीश आणि व्यवहारात मध्यमवर्गीय असतो. तक्षिमांचे कागद असलेल्या, पण उत्पन्न नसलेल्या आपल्या जुन्या घरांना ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही.

क्रांतीने जे केले नाही ते एका किड्याने केले. अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळे शोषणाऱ्या किडीचा उपद्रव १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये दिसू लागला. १८६८ मध्ये तिची ओळख पटली. १८७८ मध्ये ती कोट दॉरवर म्यरसो येथे पोचली. वेली रांगांनी वाळू लागल्या. औषधांचे नाना प्रयोग झाले. अखेर जो उपाय टिकला तो असा : अमेरिकन वेलीची मुळे ही कीड सोसतात, म्हणून अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करावयाचे. ज्या देशातून रोग आला त्याच देशाची मुळे घ्यावयाची, ही गोष्ट अभिमानी शेतकऱ्यांना सहजी पटली नाही. रोमाने-कोंती हा पावणेदोन हेक्टरांहून थोडा मोठा जगप्रसिद्ध तुकडा औषधांच्या आधारे जुन्या मुळांवर १९४५ पर्यंत तग धरून होता. मग तोही उपटून कलमी वेलींनी पुन्हा लावला गेला. आज नाशिक-सांगलीकडचा बागायतदार ‘डॉगरिज’ खुंटावर कलम बांधतो ते क्षार आणि पाण्याची टंचाई यांच्या कारणाने. पण मूळ विद्या तीच, आणि खुंटही अमेरिकन कुळातलाच. मुळे परमुलखातली आणि फळ आपल्या जातीचे, ही अवस्था ज्यांच्या वाट्याला तीन शतके आली आहे, त्या आपल्या मंडळींना या कलमाकडे पाहताना काही सुचल्यावाचून राहणार नाही.

नावाचा प्रश्नही असाच बोधप्रद आहे. ‘शांबेर्तां’ या तुकड्याची कीर्ती मोठी, आणि तो ज्या गावात आहे त्या जव्रे गावाला कोणी ओळखत नव्हते. १८४७ मध्ये गावाने राजाज्ञेने आपल्या नावाला शेताचे नाव जोडून घेतले. गाव झाले जव्रे-शांबेर्तां. शेजारच्या अनेक गावांनी हाच कित्ता गिरवला. रोगानंतरच्या टंचाईत खोट्या नावाच्या वाइनचा सुळसुळाट झाला, त्यावर उपाय शोधता शोधता १९३५ चा कायदा आला. त्यानुसार कोणते नाव कोणत्या सीमेतील फळाला लागावे हे ठरवण्यात आले. बर्गंडीत आज चार पायऱ्या आहेत : प्रदेश, गाव, ‘प्रमिए क्र्यू’ आणि सर्वांत वर ‘ग्रॅं क्र्यू’. या सर्वोच्च पायरीचा वाटा एकूण उत्पादनात जेमतेम दीड टक्क्याच्या आसपास भरतो. ही प्रतवारी माणसाची नाही, जमिनीची आहे. मालक बदलला तरी पायरी बदलत नाही.

प्रवास केव्हा करावा, याचे उत्तरही दप्तरातूनच मिळते. पूर्वी ठरलेल्या दिवसाआधी द्राक्षे तोडण्यास मनाई असे आणि तो दिवस दवंडीने जाहीर होई. बोन गावच्या मजुरीच्या नोंदी व नगरसभेचे निर्णय यांवरून संशोधकांनी १३५४ ते २०१८ अशा ६६४ वर्षांच्या तोडणीच्या तारखांची मालिका तयार केली; ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८७ पर्यंत तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. १९८८ पासून ती सुमारे तेरा दिवस अलीकडे आली आहे. २००३ च्या भीषण उन्हाळ्यात तर ऑगस्टमध्येच द्राक्षे उतरवावी लागली. वेल लवकर फुटते, आणि मग वसंतातील हिमपाताच्या तावडीत सापडते. एप्रिल २०२१ मध्ये शेतकऱ्यांनी कोवळे कोंब वाचवण्यासाठी रात्रभर मळ्यांत मोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या होत्या. साधूंनी शतकानुशतके जोखलेला उतार उद्या तसाच राहील की नाही, ही चिंता तेथे आज खरी आहे. पाहुण्याने तोडणीचे दिवस टाळावेत, कारण यजमानास उसंत नसते. मे-जून किंवा ऑक्टोबर हे महिने उत्तम. ऑक्टोबरात पाने सोनेरी होतात आणि पाय दमत नाहीत.

आराखडा साधा आहे. पॅरिसच्या गार द लिओं स्थानकावरून जलद गाडीने दिजों सुमारे दीड तासावर आहे. दिजोंहून बोन स्थानिक गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर. पहिला दिवस दिजोंचा : ड्यूकांचा राजवाडा, त्यातील संग्रहालयात ड्यूकांच्या समाध्या आणि त्यांखालच्या अलाबास्टरच्या शोकमग्न मूर्ती. दुसरा दिवस वूजोचा : मठाचा जुना वाडा, त्यातील चार अजस्र लाकडी घाणे, आणि तेथून व्होन-रोमाने गावापर्यंत पायी. रोमाने-कोंतीच्या गडग्याशी दगडी क्रूस आहे. मळ्यात पाऊल न टाकण्याची विनंती तेथे लिहिलेली आहे, ती पाळावी. वाहन असेल तर पूर्वेकडे सितोला जाऊन यावे. जुन्या मठातील सोळाव्या शतकातली ग्रंथालयाची इमारत उरली आहे. १८९८ मध्ये साधू परतले आणि आज ते चीज करून उदरनिर्वाह चालवतात. तिसरा दिवस संपूर्ण बोनला द्यावा. चौथ्या दिवशी बोनहून सॉंतनेपर्यंत मळ्यांतून जाणारी सुमारे बावीस किलोमीटरची सायकलवाट तरुणांनी घ्यावी, वडीलधाऱ्यांनी त्यातील पोमार-व्होलने एवढाच भाग पायी करावा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. शेतकऱ्याचे घर हे दुकान नव्हे; आधी वेळ ठरवून जावे, ठरलेली वेळ पाळावी. दुपारी बारा ते दोन सारे बंद असते, रविवारीही बरेच. तळघरात चव घेऊन वाइन थुंकून टाकणे हा तेथे शिष्टाचार आहे. न घेणाऱ्याने नम्रपणे नाही म्हटले तर कोणी वाईट मानत नाही, मातीविषयी दोन प्रश्न विचारले तर उलट आनंदच होतो. आपल्याकडे वर्षात दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरात, छाटणी होते आणि तेथे एकदाच हिवाळ्यात, हे सांगून पाहावे. बोलणे तासभर चालेल. गाडी चालवणाऱ्याने मुळीच घेऊ नये. कायदा कडक आहे. शाकाहारी मंडळींनी मुक्कामाच्या ठिकाणी आगाऊ कळवावे.

अल्प मुक्कामात किती पाहता येते, याचा दाखला हवा असेल तर अमेरिकेचा मुत्सद्दी थॉमस जेफरसन याचा द्यावा. मार्च १७८७ मध्ये तो या उतारावरून दोन-तीन दिवसांत गेला. व्होलने-पोमारचे शेतकरी गव्हाची पांढरी भाकरी खातात आणि लगतच्या म्यरसोचे राईची काळी भाकरी खातात, हे त्याच्या नजरेने टिपले, आणि त्याने कारण विचारले. लाल वाइनला गिऱ्हाईक हमखास मिळते, पांढरी पडून राहते, असे उत्तर मिळाले. क्रांतीला दोन वर्षे उरली होती. पेल्याकडे पाहणारे पुष्कळ होते. भाकरीकडे पाहणाऱ्याला मुलूख समजला.

ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकांसाठी एक पुरवणी. पाचवा दिवस मिळाला तर लिओंमार्गे साव्हुआतील शांबेरी गाठावे. तेथील चौकात १८३८ चे कारंजे आहे : चार दिशांना तोंडे केलेल्या, मागची बाजू नसलेल्या चार हत्तींच्या सोंडांतून पाणी पडते आणि मधल्या स्तंभावर उभा आहे महादजी शिंद्यांचा सेनानी बेन्वा द बॉइन. १७५१ मध्ये याच गावी जन्मलेला हा माणूस १७८४ मध्ये महादजींच्या चाकरीत आला. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे त्याच्या कवायती पलटणींनी लढाया मारल्या, आणि १७९३ मध्ये लाखेरीस त्यांनी होळकरांच्या फौजेचा पराभव केला. इंदूर-ग्वाल्हेरच्या पाहुण्यांनी त्या कारंज्याशी एकत्र उभे राहून आता त्याबद्दल भांडू नये. दोआबच्या जायदादीतून मिळालेले धन घेऊन तो परतला आणि त्यातून त्याने आपल्या गावी रुग्णसेवेला व वृद्ध-गरिबांच्या आश्रयाला मोठ्या देणग्या दिल्या. १८३० मध्ये तो वारला. साव्हुआ फ्रान्सला जोडले गेले ते पुढे १८६० मध्ये. गावालगत ग्रानिए पर्वताचा कडा १२४८ मध्ये एका रात्री कोसळला आणि खेडी गाडली गेली. त्या दगडमातीच्या राशीवर आज आप्रमों आणि आबिमचे द्राक्षमळे आहेत.

रोलँचे द्रव्य आणि द बॉइनचे द्रव्य, दोन्ही राज्यकारभाराच्या व युद्धाच्या वाटेने आले आणि रुग्णांच्या अंथरुणापर्यंत पोचले. त्यांपैकी दुसऱ्याच्या द्रव्यात आपल्या पूर्वजांच्या मुलखाचा वसूल मिसळलेला आहे. म्हणून या प्रवासास निघताना सामानात मार्गदर्शिकेबरोबर घरातले एखादे जुने वाटणीपत्र, त्याची नक्कल का होईना, ठेवावे असे आम्ही सुचवतो. वूजोच्या भिंतीशी बसून ते वाचावे, आणि बरोबर आलेल्या नातवंडांना त्यातील शेतांची नावे सांगावीत. आपल्या जमिनी गेल्या. पण १२४७ तुकड्यांची नावे जपणाऱ्या त्या मुलखात आपल्या दहा-वीस तुकड्यांची नावे निदान एका पिढीला अधिक माहीत होतील.